बगळा, कोंबडा आणि पाच सेकंद

"सर, बास्केटबॉलमध्ये लाथ मारलेली चालते का?"

मैदानावर सराव थांबला. जाधव जुळ्यांनी एकाच वेळी तोंडावर हात ठेवले. भैरवी तर हसू दाबायला खाली बसली आणि बुटाची नाडी बांधायचं नाटक करू लागली. तिच्या बुटांना नाडीच नव्हती.

प्रश्न मी विचारला होता. मी म्हणजे आठवी 'ब'ची शलाका आगलावे, जी हजेरीला 'उपस्थित'सुद्धा इतकं हळू म्हणायची की त्या वर्षी बाकावर बसलेली असूनही अकरा वेळा माझी गैरहजेरी लागली होती. पैज नौशीन तांबोळीनं लावली होती. "सरांना हे मोठ्यानं विचारून दाखव, उद्या दिवसभर माझ्या जागी तू खेळ." टीममध्ये आम्ही सहा जणी. खेळतात पाच. सहावी कोण, ते सांगायची गरज नाही.

दोन वर्षं झाली याला. आता मी दहावीत आहे आणि माझा आवाज कमी करा म्हणून शेजारचे येऊन सांगतात, पण तेव्हा तो प्रश्न विचारायच्या आधी मी तो तीन वेळा मनात म्हणून बघितला होता.

डोईफोडे सर आता चिडणार, असं सगळ्यांना वाटलं. कारण लाथ हा सरांचा खास विषय. सर मूळचे वुशूचे, म्हणजे चिनी मारामारीच्या कलेतले. आडनाव डोईफोडे, पण अंगानं काडी, आणि आवाज असा की पुढच्या रांगेनंच ऐकावा. पायात कायम काळे कापडी बूट. बार्शीतल्या आमच्या कन्या प्रशालेत ते तासिका तत्त्वावर क्रीडाशिक्षक म्हणून लागले, आणि पहिल्याच दिवशी मुख्याध्यापिका देशमाने बाईंनी त्यांना शाळेमागचं नवं कोरं सिमेंटचं मैदान आणि दोन रिंगा दाखवल्या. "एका माजी विद्यार्थिनीची देणगी आहे. बास्केटबॉलसाठीच म्हणून दिलीय. शिकवा."

सर चिडले नाहीत. त्यांनी खिशातून छोटी वही काढली, प्रश्न लिहून घेतला आणि म्हणाले, "मला माहीत नाही. उद्या सांगतो."

आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो. 'मला माहीत नाही' म्हणणारा शिक्षक आम्ही तोवर पाहिलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सर सरळ माझ्यासमोर आले. "मुद्दाम पाय लावला तर नियमभंग. चुकून लागला तर काही नाही." आणि त्यांनी नियमांचं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. "तुला प्रश्न पडतात. उत्तरंही तूच शोधत जा आणि मला सांगत जा."

"सर, प्रश्न मला नाही पडला, तो नौशीननं..."

"विचारला कुणी?"

"मी."

"मग झालं तर."

पैजेप्रमाणे त्या दिवशी मी नौशीनच्या जागी खेळले. तीन वेळा बॉल माझ्याकडे आला. तिन्ही वेळा मी घाबरून जवळच्या माणसाच्या हातात दिला. त्यातला एकदाचा जवळचा माणूस म्हणजे शाळेचे शिपाई मारुतीमामा होते, ते पाण्याची टाकी भरायला चालले होते.

नियमांचं पुस्तक मात्र मला लय आवडलं. माझ्या बाबांचं तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. त्यांनी अख्ख्या पुस्तकाची प्रत काढली, वर प्लास्टिकचं कव्हर, कडेला स्पायरल. आणि तेव्हापासून सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आलेल्या प्रत्येक माणसाला ते सांगू लागले, "आमची शलाका बास्केटबॉल टीममध्ये आहे!" खोटं नव्हतं ते. आईनं टीमसाठी सहा निळ्या जर्स्या शिवल्या होत्या, त्यातली सहा नंबरची माझी होती. फक्त आई दर शनिवारी विचारायची, "तुझी जर्सी धुवायला कशी येत नाही गं?"

मी म्हणायची, "मला घाम कमी येतो."

आता सरांचं शिकवणं सांगते. सरांना बास्केटबॉल येत नव्हता, पण शिकवता येत होता. ते पुस्तकातलं चित्र बघायचे, डोळे मिटायचे, हात हवेत फिरवून बघायचे आणि चेहरा उजळायचा. "अच्छा! हा तर बगळा आहे."

बगळा म्हणजे रिंगेत बॉल टाकणं. बॉल सुटला की मनगट पुढं झुकून खाली पडलं पाहिजे. "ही बगळ्याची चोच. चिनी लोक यानं समोरच्याच्या डोळ्यावर टोचा मारतात. आपण रिंगेत बुडवायची." नौशीन सगळ्यात उंच, मान लांब, ती पहिल्या दिवसापासूनच बगळा होती.

घोडा म्हणजे समोरचीला अडवणं. घोड्यावर बसल्यासारखे गुडघे वाकवायचे, हात पसरायचे आणि तसंच सरकायचं. "वुशूत नवा मुलगा आला की सहा महिने नुसता घोडा करतो," सर म्हणाले. आम्ही तीन दिवस केला, तर जाधव जुळ्या जिना उलटा उतरू लागल्या.

वाघ म्हणजे रिंगेवर आपटून परत आलेला बॉल हवेतच पकडणं. "मिठी नाही मारायची. पंजे! नखं दिसली पाहिजेत!" एका जुळीनं नखं इतकी दाखवली की दुसऱ्या जुळीच्या नाकावर ओरखडा आला. आता निदान त्या दोघींतली कोणती कोण ते आम्हाला ओळखू यायला लागलं.

मग आला कोंबडा. बॉल हातात धरून थांबलं की एक पाय जमिनीत रुतलेला ठेवायचा आणि त्याच्यावरच गोल फिरायचं. रुतलेला पाय उचलून फिरलात की बॉल गेला. सरांनी चित्र बघितलं आणि आनंदानं म्हणाले, "हा सोनेरी कोंबडा! एका पायावर उभा. चला, सगळ्यांनी कोंबडा करा!"

आणि आम्ही सहाही जणी खाली वाकलो, गुडघ्यांमागून हात घातले आणि कान धरले.

सर गोंधळले. "हे काय करताय?"

"कोंबडा, सर," भैरवी खालून म्हणाली.

"हा कुठला कोंबडा? कुणी शिकवला?"

"गणिताच्या सरांनी."

सरांनी वही काढली आणि तेही लिहून घेतलं.

पण सगळ्यात भारी होता दारुडा. चीनमध्ये म्हणे दारुड्यासारखं लढायची एक पद्धत आहे. आता हा डावीकडं कोसळणार असं वाटतं, समोरचा गाफील होतो आणि ठोसा येतो उजवीकडून. बॉल घेऊन पळताना समोरचीला फसवायला हे अगदी फिट्ट. भैरवीला जन्मतःच येत होतं ते. ती झोकांड्या खात अशी निघायची की खरंच धरायला जावं. एक दिवस सर कधी नव्हे ते ओरडून सांगत होते, "भैरवी, अजून दारुडा! मनापासून दारुडा हो!" आणि वर ऑफिसच्या खिडकीत देशमाने बाई उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सर मान खाली घालून आले. "दारुडा बंद. आजपासून त्याला वरात म्हणायचं."

"कशी वरात, सर?"

"तुझ्या कुठल्या काकाला वरातीत नाचताना बघितलंयस का?"

"हो की!"

"तसंच."

आणि सगळ्यावर कळस म्हणजे नमस्कार. उजव्या हाताची मूठ, डाव्या हाताचा सरळ पंजा, मूठ पंजाला टेकवायची, डोळे मिटायचे, एक खोल श्वास. वार करायच्या आधी समोरच्याला नमस्कार केलाच पाहिजे, हा सरांचा कायदा. धावताना कुणी नमस्कार करत नाही, एवढं त्यांना समजावून झालं होतं. पण फ्री थ्रोला मात्र वेळ असतो. फ्री थ्रो म्हणजे समोरच्यांनी धक्का मारला की आपण रेषेवर एकटीनं उभं राहून, कुणी न अडवता रिंगेत बॉल टाकायचा. नौशीन तेव्हा बॉल दोन गुडघ्यांत धरायची, डोळे मिटून रिंगेला नमस्कार करायची, श्वास घ्यायची, सोडायची आणि मग बगळा.

"सर," मी म्हणाले, "फ्री थ्रोला पाच सेकंद मिळतात. नौशीनला सात लागतात."

सरांनी लिहून घेतलं. नौशीन म्हणाली, "बॉल मी टाकते का तू? सरावाला कोण मोजतंय?"

मी मोजत होते. मला दुसरं कामच नव्हतं.

डिसेंबरात देशमाने बाई मैदानावर आल्या. "सर, तीनशे सायकली उन्हात तापतायत आणि इथं सहा मुली कोंबडा करतायत. मला इथं सायकल स्टँड करायचाय." सरांनी हातातला कागद पुढं केला. सोलापूरच्या जिल्हा स्पर्धेचा फॉर्म होता तो, मुख्याध्यापकांची सही राहिलेली. शेवटची तारीख शनिवार. बाईंनी फॉर्म बघितला, परत दिला. "शुक्रवारी बायपासवरच्या इंग्लिश मीडियम शाळेला बोलावते. जिंकलात तर सही करते. नाही जिंकलात तर सोमवारी पत्रेवाला येईल. आणि सर, तुमच्या तासिकांचंही मग बघावं लागेल."

म्हणजे मैदानही गेलं आणि सरही गेले. नौशीन त्या दिवशी एकदाही हसली नाही.

शुक्रवारी पाचव्या तासाला बायपासवाल्या त्यांच्या बसमधून उतरल्या. सगळ्यांचे बूट एकसारखे, सगळ्यांच्या बाटल्या एकसारख्या. त्यांच्या रणदिवे मॅडमच्या डोक्यावर टोपी, हातात पॅड. अख्खी शाळा कठड्यावर जमली. बाई खुर्चीत.

"पंच कोण?" रणदिवे मॅडमनी विचारलं.

कुणीच नाही. बाईंनी चहाची, बिस्किटांची सोय केली होती, पंचांची केली नव्हती.

"मी माझ्या टीमची कोच, मी कशी होणार?" मॅडम म्हणाल्या. "मग आपण दोघं मिळून करू, सर."

"मला नियम पाठ नाहीत," सर नेहमीच्या आवाजात म्हणाले. "हिला आहेत." आणि त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

मला वाटलं, मागं कुणीतरी उभं आहे. मी मागं वळून बघितलं. मागं पाण्याची टाकी होती.

रणदिवे मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बॉल समोरच्यांच्या भागात नेला. परत आपल्या भागात आणता येतो?"

"नाही."

"रिंगेखालच्या आखलेल्या भागात किती वेळ थांबायचं?"

"आपल्याकडं बॉल असेल तर तीन सेकंद."

"आणि बॉल पायाला लागला की बॉल समोरच्यांचा. बरोबर?"

"नाही मॅडम. मुद्दाम लावला तरच."

मॅडम थांबल्या. मग हसल्या. "द्या हिला शिट्टी."

शाळेची शिट्टी क्रीडा कपाटातून निघाली. आत बहुतेक धूळ होती. पहिली फुंकर मारली तर काहीच नाही, दुसरी मारली तर अगदी कुकरची शिट्टी. कठड्यावरून कुणीतरी ओरडलं, "डाळ टाकली का गं?"

नौशीन माझ्याजवळून जाताना कुजबुजली, "आपलंच राज्य!" भैरवीनं डोळा मारला.

आणि खरं सांगते, मीही तेच ठरवलं होतं. सर वाचवायचे, मैदान वाचवायचं, दोन-चार शिट्ट्या इकडच्या तिकडं. कुणाला कळणार होतं?

सामना सुरू झाला आणि मिनिटभरात आमच्या पाचांतल्या ईश्वरीनं त्यांच्या मुलीला घोडा करता करता कोपरानं ढकललं. मी अजून विचारच करत होते की बघितलंच नाही असं दाखवावं का, तोवर शिट्टी वाजली होती. ती माझ्याच तोंडात होती.

"फाऊल! निळा, नंबर चार!"

हा आवाज माझा. टाकीवर बसलेले कावळे उडाले त्यानं.

ईश्वरीनं छातीवर हात ठेवला. "मी? अगं, मी आपली आहे!"

"नंबर चार, हात वर कर."

तिनं हात वर केला. मला तर धक्काच बसला. मी सांगितलं आणि कुणीतरी ऐकलं!

मग काय विचारता. सरांचा आवाज पोचत नव्हता म्हणून जाधव जुळ्याच ओरडून सांगत होत्या. "बगळा तयार!" "वाघ, वाघ, वाघ!" बायपासवाल्या पार गोंधळल्या. "कोंबडा!" म्हटलं की त्यांची एक मुलगी दर वेळी खाली पायांत बघायची. त्यांच्या कॅप्टननं मला येऊन विचारलं, "रेफरी, त्या काय बोलतात?"

"प्राण्यांची नावं."

"अलाउड आहे?"

"नियमात प्राण्यांबद्दल काही नाही."

पण त्या खेळायला चांगल्या होत्या, आणि माझी शिट्टी काही ऐकेना. भैरवीनं वरातीत रुतलेला पाय उचलला, शिट्टी. एका जुळीच्या वाघानं मनगट ओरबाडलं, शिट्टी. ईश्वरीला मध्यंतरापर्यंत तीन फाऊल. कठड्यावरून आमच्याच शाळेनं मला हुर्यो दिली. रणदिवे मॅडमच्या मुलींनाही मी सोडलं नाही, पण ते आपल्या लोकांच्या लक्षात राहत नाही.

मध्यंतराला नौशीननं मला कोपऱ्यात गाठलं. "तू कुणाच्या बाजूची आहेस गं?"

मी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली.

"सोमवारी पत्रेवाला आला ना, तर त्याला सांग, मी शलाका, मीच बोलावलंय." आणि ती गेली.

मी सरांकडं गेले. "सर, काय करू?"

सर पाणी पीत होते. "वुशूच्या सामन्यात पंच मला नेहमी हरवायचे," ते म्हणाले.

"का?"

"मी हरायचो म्हणून."

एवढंच. ते परत पाणी पिऊ लागले. मी शिट्टी झटकून धूळ काढली आणि मैदानात गेले.

शेवटचे आठ सेकंद. त्या अठरा, आम्ही सतरा. नौशीन रिंगेखाली उडाली, त्यांच्या कॅप्टननं तिचा हात दाबला आणि मी शिट्टी मारली. दोन फ्री थ्रो. एक गेला तर बरोबरी, दोन गेले तर सही.

नौशीन रेषेवर उभी राहिली. मी तिच्या हातात बॉल दिला आणि नियमाप्रमाणे हात वर करून सेकंद मोजू लागले. तिनं बॉल गुडघ्यांत धरला.

एक.

मूठ, पंजा.

दोन.

डोळे मिटले.

तीन. मनात म्हणाले, नौशे, टाक. चार. टाक की गं. तिनं श्वास घेतला. पाच.

शिट्टी वाजली. पहिला फ्री थ्रो बाद.

कठड्यावर असा आवाज झाला की कुणाच्या तरी डब्याचं झाकण खाली पडलं तेही ऐकू आलं. बाई खुर्चीत पुढं सरकल्या. नौशीननं डोळे उघडले. ती रडणार असं मला वाटलं. मला तर रडू येतच होतं, पण तोंडात शिट्टी असली की रडता येत नाही.

मी दुसऱ्यांदा बॉल दिला. हात वर केला. तिनं बॉल गुडघ्यांत धरला. परत! मूठ, पंजा, नमस्कार. पण या वेळी डोळे उघडे, सरळ माझ्या बोटांवर. एक. दोन. तीनला बॉल हातात. चारला बगळा. चोच खाली बुडाली, बॉल जाळीतून सरळ खाली.

अठरा-अठरा. उरलेल्या आठ सेकंदांत त्यांचा बॉल रिंगेवर आपटून बाहेर गेला आणि वेळ संपली.

देशमाने बाई टाळ्या वाजवत उठल्या आणि चालत मैदानात आल्या. "छान, छान. बरोबरी झाली. म्हणजे जिंकलात काही नाही. सर, मुलींना वर्गात न्या, सहावा तास..."

कुकर वाजला.

बाई जागीच थांबल्या.

"बाई," मी म्हणाले, "रेषेच्या बाहेर."

"काय म्हणालीस?"

पळून जावंसं वाटत होतं. पण आवाज आपोआप निघाला. "सामना संपलेला नाही. बास्केटबॉलमध्ये बरोबरी नसते. अजून पाच मिनिटं खेळायची. कलम आठ."

"आत्ता घंटा होईल."

"मग घंटा थांबवावी लागेल, बाई."

मारुतीमामा घंटेजवळ हातोडा घेऊन उभे होते. त्यांनी बाईंकडं बघितलं. बाईंनी माझ्याकडं बघितलं. मग त्या दोन पावलं मागं गेल्या आणि खाली बघून म्हणाल्या, "रेषेवर पाय आहे माझा. चालेल का?"

"चालेल. रेषा बाहेरच धरतात."

"मारुती, घंटा पाच मिनिटांनी."

जादा वेळात दोन्ही टीम इतक्या दमल्या होत्या की चार मिनिटं कुणालाच काही जमलं नाही. त्यातच ईश्वरीला चौथा फाऊल बसला, आता तर ती माझ्याकडं बघून हातच आधी वर करत होती. शेवटच्या मिनिटात बॉल भैरवीकडं आला आणि दोन्ही जुळ्या एकदम किंचाळल्या, "वरात!"

भैरवी निघाली. आयुष्यात मी अशी वरात बघितली नाही. डावीकडं झुकली, मान पडली, डोळे पांढरे. समोरची बिचारी मुलगी घाबरली, "मॅडम, हिला चक्कर!" म्हणत हात पसरून बाजूला झाली. भैरवी उजवीकडून सुळकन आत गेली आणि बॉल रिंगेत. वीस-अठरा. उरलेला वेळ आमच्या पाचही जणींनी नुसता घोडा केला. मांड्या थरथरत होत्या, पण घोडा सोडला नाही.

मी शेवटची शिट्टी मारली, आणि मारुतीमामांनी घंटा.

बाईंनी तिथंच खुर्चीवर फॉर्म ठेवून सही केली. मग सरांना विचारलं, "ही पंच मुलगी कुठल्या वर्गातली?"

"आठवी ब. तुमच्याच मराठीच्या तासाला असते."

"कधी दिसली नाही ती!"

रणदिवे मॅडम बसमध्ये चढताना माझ्याशी बोलल्या. "सोलापूरला टेबलावर गुण लिहायला, सेकंद मोजायला मुली लागतात. पंचांची परीक्षा मोठेपणी देता येईल. पण शिकायला आत्ताही कुणी अडवलेलं नाही. खेळणाऱ्या टीममध्ये असशील तर मात्र नाही जमणार."

आणि त्याच वेळी डोईफोडे सर आले आणि त्यांनी मला ते सांगितलं, जे ऐकायची मी जूनपासून वाट बघत होते. "सोलापूरला पाचात तू खेळायचंस. ईश्वरीचे चार फाऊल झाले. तू असतीस तर एकही झाला नसता."

मी शिट्टी परत द्यायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला.

नौशीन फाटकापर्यंत माझ्या चार पावलं पुढं चालली. फाटकाशी थांबून म्हणाली, "खरंच पाच सेकंद झाले होते?"

"साडेपाच. अर्धा जास्तच झाला तुला."

तिचा चेहरा फुलला. "म्हणजे होतीस आमच्या बाजूची!"

"नाही गं. शिट्टी अडकली होती."

तिनं मला दप्तरानं मारलं आणि मग आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला बसून पोट दुखेपर्यंत हसलो.

घरी आले तर बाबा आधीच पोचलेले. सरांचा फोन आला होता त्यांना. ताटात जिलेबी, आई पुऱ्या लाटत होती. बाबा फोनवर होते. "हो, पाचात! मेन टीममध्ये! तुम्ही सोलापुरातच आहात, तर याच बघायला." फोन ठेवून मला म्हणाले, "आत्या येतेय. आत्याचे दीरही येतायत. मी दुकान बंद ठेवणार त्या दिवशी, बाहेर बोर्डच लावतो."

"बाबा, मला काहीतरी सांगायचंय."

"आधी जिलेबी खा."

"आधी सांगते." मी उभी राहिले. जेवताना उभं राहून बोलायची आमच्याकडं पद्धत नाही, आईनं लाटणं थांबवलं. "मी सोलापूरला जाणार आहे. पण खेळायला नाही. ती जागा ईश्वरीचीच राहील, मी उद्या सरांना सांगते. मी टेबलावर बसणार, शिकणार, आणि मोठी झाले की परीक्षा देऊन पंच होणार."

बाबांच्या हातातली जिलेबी तशीच राहिली. "अगं पण... मी सगळ्यांना सांगून बसलोय. खेळाडू म्हणून सांगितलंय मी."

"माहितीय."

"पाचात घेतच नव्हते, सरांनी सांगितलं मला, तेव्हा गप्प बसलीस. आता घेतायत तर नको म्हणतेस?"

"आता नको म्हणता येतंय म्हणून म्हणतेय, बाबा."

आईनं लाटलेली पुरी बाजूला ठेवली. तिनं विचारलं, "आवडलं तुला ते? सगळ्यांनी हुर्यो दिली म्हणे."

"दिली ना! अख्ख्या शाळेनं! आणि आई, मला काहीच झालं नाही!"

बाबा खुर्चीत टेकले. मग त्यांनी शेवटचा मुद्दा काढला, "पण शलाका, खेळाडूचं नाव पेपरात येतं. पंचाचं येतं का कधी?"

"येतं की. पंच चुकला की येतं."

"मग?"

"मग काय, माझं नाव पेपरात कधी येणार नाही, असं ठरवलंय मी."

आणि मी बसले आणि एका दमात तीन जिलेब्या खाल्ल्या.